अडलेलं तट्टू

शहापूर आणि मुरबाड हे तालुके तसे बैलांचे. पौष पौर्णिमेला म्हसोबाची म्हसा यात्रा भरते, तेव्हा बाजारात बोली लागते ती बैलांवर. घोडं घ्यायचं तर माणूस दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याला जातो, नाहीतर नांदेडकडच्या माळेगावच्या खंडोबाला. तरी आटगावच्या आसपास राहणाऱ्याला घोडं परकं नाही. दिवाळीनंतर घाट उतरून येणाऱ्या धनगरांच्या वाड्याबरोबर तट्टं येतात. लग्नसराईत नवरदेवासाठी सजवलेली घोडी येते. शिवाय नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना आणि मुरबाडकडे जी फार्महाऊसं उभी राहिली आहेत, त्यांतल्या काहींच्या आवारात मुलांना बसवायला एखादं तट्टू बांधलेलं असतं. मुंबई-ठाण्याहून आलेल्या मुलाची रिकिबीशी पहिली गाठ पडते ती तिथे.

अडतं ते बहुधा हे तिसरं तट्टू. मूल टाच मारतं, तट्टू कान मागे करून उभं राहतं. मूल आणखी जोरात टाच मारतं, तट्टू दोन पावलं टाकून फाटकाकडे तोंड वळवतं. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो छडी दाखवा, दुसरा म्हणतो चंदी कमी करा, तिसरा म्हणतो चंदी वाढवा, चौथा म्हणतो जातच आळशी आहे. घोडेस्वारीच्या जगातही या प्रश्नावर असेच तट पडलेले आहेत. अडीच हजार वर्षांत त्यावर बरंच लिहिलं गेलं आणि गेल्या वीसेक वर्षांत बरंच मोजलंही गेलं. ते सगळं एकत्र ठेवून पाहिलं की माझ्या मते एक गोष्ट ठळक होते. पुढे जाणं घोड्याला शिकवावं लागत नाही. शिंगरू जन्मल्यावर तास-दोन तासांत उभं राहतं आणि आईमागे चालू लागतं. पुढे न जाणं मात्र घोडं आपल्याकडून शिकतं. म्हणून त्याला कसं ढकलावं हे ठरवण्याआधी त्याचं पुढे जाणं आपण कुठे बंद केलं, हे शोधायला हवं.

घोडं का अडलं, पानं का सडली, भाकरी का करपली, हे कोडं आपण सगळे लहानपणी ऐकतो. तिन्हींचं उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून. ज्या काळात घोडं पागेत बांधून राहिलं की बिघडायचं, त्या काळाचं हे शहाणपण आहे आणि आजही ते खोटं ठरलेलं नाही. पण फार्महाऊसवरचं तट्टू उलट कारणानेही अडतं. शनिवार-रविवारी ते एकाच रिंगणात, एकाच बाजूने, तासन्‌तास फिरवलेलं असतं आणि उरलेले पाच दिवस खुंट्याला असतं. दोन्ही टोकं त्याच्या वाट्याला येतात.

तुलनेसाठी धनगरांचं तट्टू पाहावं. भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी घोडं मराठ्यांच्या फौजांनी नावारूपाला आणलं. फौजा गेल्या, पण ते टिकलं ते मुख्यतः धनगरांच्या भटकंतीत. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. पावसाळा संपला की देशावरचे मेंढपाळ कोकणात उतरतात, भात कापलेल्या खाचरांत मेंढरं बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घेतात आणि पावसाच्या तोंडावर परत वर चढतात. सगळा संसार तट्टांच्या पाठीवर असतो. भांडी, वाघर, घोंगड्या, वर बांधलेल्या कोंबड्या, चालू न शकणारी कोकरं, कधी एखादं मूलही. दोर बहुतेक वेळा बाईच्या हातात असतो, आणि तोही सैल.

ही तट्टं अडत नाहीत असं नाही. ओढ्याच्या काठाला थबकतात, नव्या पुलावर बिचकतात. पण रिंगणातल्या तट्टासारखा रोजचा हट्ट त्यांच्यात क्वचितच दिसतो. त्यांच्या जातीत काही निराळं आहे म्हणून नव्हे. शिंगरू असल्यापासून ती आईच्या बाजूने मोकळी चाललेली असतात. ओझ्याची ओळख होण्याआधी वाटेची ओळख झालेली असते. पुढे कळपातलं ओळखीचं जनावर असतं, चालण्याला मुक्काम असतो आणि मुक्कामाला पाठ मोकळी होते, चारा मिळतो. पुढे जाण्यात घोड्याचा स्वतःचा फायदा आहे, अशी ही मांडणी आहे. मुरबाडच्या डोक्यावरच्या नाणेघाटातून सातवाहनांच्या काळापासून कल्याण-जुन्नर व्यापार चालला, तो पाठीवर माल वाहणाऱ्या जनावरांच्या रांगांनी. त्या उभ्या दगडी वाटेवर प्रत्येक जनावराला मागून हाणत नेणं कोणाला परवडलं असतं असं मला वाटत नाही.

पुढच्याच्या मागे जाण्याची ही ओढ नाणेघाटाच्या वर, जुन्नर-आंबेगाव-खेडच्या बैलगाडा शर्यतींच्या घाटांत आजही वापरली जाते. तिथे बैलांच्या पुढे स्वार बसलेली घोडी धावते आणि बैल तिच्यामागे सुटतात. शर्यतींबद्दल प्रत्येकाचं मत असू शकतं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, २०२१च्या डिसेंबरात महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. इथे मुद्दा घोडीचा आहे. नवख्या किंवा बिचकणाऱ्या तट्टाला आधी एखाद्या शांत, वयस्क घोड्यामागे चालवावं, ही रीत जगभरच्या रायडिंग स्कूलमध्ये आहे आणि ती सर्वांत कमी त्रासाची आहे. तिची मर्यादा एवढीच की पुढचं घोडं काढून घेतलं की तट्टू पुन्हा थांबू शकतं. म्हणून दोघांतलं अंतर हळूहळू वाढवत नेऊन शेवटी तट्टालाच थोडं पुढे काढायला हवं.

आता सर्वांत आधी पाहायच्या आणि सर्वांत शेवटी पाहिल्या जाणाऱ्या गोष्टीकडे येतो. ती म्हणजे दुखणं. ब्रिटनमधल्या पशुवैद्य सू डायसन यांनी २०१८ साली स्वार बसलेल्या घोड्याच्या वागण्याची २४ लक्षणांची यादी मांडली. कान मागे दाबणं, तोंड उघडं ठेवणं, शेपूट झाडणं, आणि पुढे जायला नाखूष असणं, सतत टाच द्यावी लागणं. यांतली आठ किंवा त्याहून अधिक लक्षणं दिसली तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता मोठी, असं त्यांचं निरीक्षण. आपण ज्याला हट्ट म्हणतो तो दुखण्याच्या यादीत आहे, हे या कामाचं महत्त्व. त्याआधी २०१४ साली युरोपातल्या संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची मोजपट्टी तयार केली होती: ताठ मागे वळलेले कान, डोळ्यावरचा ताण, आवळलेला जबडा, ताणलेल्या नाकपुड्या. घोडं ओरडत नाही. ते शिकारी जनावरांचं भक्ष्य म्हणून घडलं आहे, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. त्यामुळे पाहणाऱ्याच्या डोळ्यावरच भिस्त.

आपल्या भागात काय पाहायचं? खोगिराखाली हात घालून पाठ दाबावी. दाबताच पाठ खाली गेली तर खोगीर बोचतंय. स्वस्तातलं, कोणत्याही पाठीवर चढवलेलं खोगीर हे फार्महाऊसच्या तट्टाचं सर्वांत सामान्य दुखणं असावं. तंग एका झटक्यात आवळला जातो का, तेही पाहावं. दाढांच्या बाहेरच्या कडा झिजून धारदार होतात आणि गालाला टोचतात, त्यात लगामाची कडी ओढली की तट्टू थांबणारच. दात वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून तपासून घासून घ्यावेत. पावसाळ्यात खुरांचं विशेष पाहावं. चार महिने चिखलात उभं राहिलेल्या तट्टाच्या खुराची पुतळी मऊ पडून कुजते, काळी घाण येते, दुर्गंधी सुटते, आणि असं तट्टू खडीच्या वाटेवर पाऊल टाकायला कचरतं. नालबंदाची फेरी लांबली की खूर वाढून चाल बिघडते ते वेगळंच. पोटाचं दुखणं तर बाहेरून दिसतही नाही. घोड्याच्या जठरात आम्ल सतत झरतं, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ चंदी आणि मधले तास रिकामं पोट अशा ठेवणीत जठराला व्रण पडतात. तंग आवळताना चावायला धावणारं, पळायला नाराज असणारं तट्टू बऱ्याचदा या व्रणांचं असतं. त्याला चंदी वाढवून उपयोग नाही, दिवसभर चघळायला गवत द्यायला हवं.

एक रोग आपल्या जंगलपट्ट्यात लक्षात ठेवण्याजोगा आहे, तो म्हणजे सर्रा. रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या तो पसरवतात. ताप येतो-जातो, अंगातलं रक्त कमी होतं, पायांवर आणि पोटाखाली सूज येते, मागचा भाग लुळा पडू लागतो. सुरुवातीच्या दिवसांत हे सगळं फक्त सुस्ती म्हणून दिसतं. पावसाळ्यानंतर अचानक मंदावलेल्या तट्टाची रक्ततपासणी न करता त्याला छडी लावणं हा मी गुन्हा मानतो.

आणि वजन. २००८ साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार ठेवून पाहण्यात आलं. २५ टक्क्यांपासून पुढे स्नायू दुखावल्याची चिन्हं वाढली. २०० किलोच्या लहान तट्टाला वीस टक्क्यांचा हिशेब लावला तर खोगिरासकट ४० किलो होतात. सहावी-सातवीतलं मूल तिथे संपतं. फोटो काढायला बसणारे त्याचे वडील त्या हिशेबात कुठेच बसत नाहीत.

समजा, पशुवैद्याने पाहिलं आणि दुखणं निघालं नाही. मग बहुतेक वेळा दोष सूचनेत निघतो. नवखा स्वार तोल सावरायला लगाम धरतो. टाच म्हणते चल, हात म्हणतात थांब. दोन्ही एकदम आल्यावर घोड्याने काय करावं? तो ज्यात कमी त्रास आहे ते करतो, म्हणजे उभा राहतो. अंगावर बसलेली माशी ज्या कातडीला कळते आणि जी नेमकी तेवढीच जागा थरकवून माशी उडवते, ती कातडी मुलाची टाच न कळण्याइतकी जाड झालेली नसते. टाचेला काही अर्थ उरलेला नाही, एवढंच तिला कळलेलं असतं. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गणितं सोडवतो म्हणून गाजला. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची बारीकशी, नकळत होणारी हालचाल पाहून टाप मारणं थांबवतो. माणसालाही न जाणवणारी हालचाल ज्याला वाचता येते, त्याला आपण मठ्ठ म्हणतो.

सूचना कशी द्यावी यावर आजचा सर्वांत नेटका विचार ऑस्ट्रेलियातले पॉल मॅकग्रीवी आणि अँड्र्यू मॅकलीन यांच्या कामात सापडतो. अश्वारोहणाच्या शास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था २००७ साली उभी राहिली, तिच्या पायाभरणीत ही माणसं होती. त्यांचं सांगणं असं की घोडं दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतं. पिंढरीचा हलका दाब द्या. प्रतिसाद नाही, तर छडीने बरगडीमागे हलके, एकसारखे ठोके द्या. मारायचं नाही, त्रासदायक वाटेल इतकंच. तट्टाने एक पाऊल टाकलं की त्याच क्षणी सगळं बंद. दुसऱ्या वेळी पुन्हा हलक्या दाबापासूनच सुरुवात. काही फेऱ्यांत ठोक्यांची गरज संपते.

वाचायला सोपं आहे. करताना नेमकं उलट होतं. मूल टाचा मारून दमतं आणि तट्टू उभं असतानाच थांबतं. त्या क्षणी तट्टाला धडा मिळाला: उभं राहिलो की टाचा थांबतात. किंवा तट्टू दचकून पुढे उडी घेतं आणि स्वार घाबरून लगाम खेचतो. धडा: पुढे गेलो की तोंड दुखतं. आणि चालत्या तट्टालाही पावलागणिक टाच मारत राहणं ही तिसरी चूक. चाललं तरी टाच, थांबलं तरी टाच, मग चालावं कशाला? रायडिंग स्कूलमधल्या मंद घोड्यांतली निम्मी मंदी या एका सवयीतून आलेली असावी असं माझं मत आहे.

म्हणून जाणते लोक आधी खाली उतरतात. दोरावर, जमिनीवरून, ‘चल’ या शब्दावर किंवा जिभेच्या टिचकीवर पाऊल उचलायला शिकवतात. मग लांब लगाम धरून मागून चालवतात, म्हणजे पुढे माणूस नसताना जाण्याची सवय होते. तेच शब्द पुढे पाठीवरून वापरता येतात. तट्टू चारी पाय रोवून उभं राहिलं तर सरळ ओढू नये. ओढलं की ते मागे रेलतं आणि त्या झुंजीत माणूस हरतो. मान एका बाजूला वळवून पाय आडवा टाकायला लावावा. आडवं पडलेलं पाऊलही पाऊलच आहे, तिथे दोर सैल करावा. ज्या तट्टाला अडल्यावर मागच्या पायांवर उभं राहायची खोड लागली आहे, त्याच्याशी मात्र घरच्या माणसाने प्रयोग करू नयेत. ते जिवावर बेतणारं आहे.

दाबाऐवजी बक्षीस द्यावं, हा दुसरा पंथ. फ्रान्समध्ये कॅरोल सँकी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली वर्षभराच्या शिंगरांना आवाजावर मागे सरायला शिकवलं. काहींना दाण्याचं बक्षीस देऊन, काहींना त्रासदायक खुणेने. दाण्याची शिंगरं पुढे माणसाजवळ आपणहून आली आणि काही महिन्यांनीही हा फरक टिकला. दुसऱ्या गटाची शिंगरं शिकताना अधिक अस्वस्थ होती. मला या पंथाबद्दल आस्था आहे. चिडलेल्या, माणसाला टाळणाऱ्या तट्टाला पुन्हा उमेद देण्यात याला तोड नाही. पण पाठीवर बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाने नेमक्या क्षणी दाणा कसा द्यायचा? आणि दाणा हातातून देत राहिलं की तट्टू हात चावायला शिकतं. मधली वाट अशी की प्रशिक्षकाने जमिनीवरच्या कामात दाणा वापरावा, स्वारीत मानेवर खाजवावं. घोडी एकमेकांना जिथे दातांनी खाजवतात, त्या मानेच्या बुडाशी हात फिरवणं त्यांना आवडतं. गालावर थापट्या मारणं माणसाला आवडतं.

छडीचा पक्ष आपल्याकडे अजून मोठा आहे, आणि तो परंपरेचा दाखला देतो. परंपरा मात्र त्याच्या बाजूने उभी नाही. ग्रीक लेखक झेनोफोनने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. घोड्याजवळ रागाने कधी जाऊ नये, आणि बुजलेल्या घोड्याला मारलं तर ज्या वस्तूला तो बुजला तिची भीती आणखी वाढते, असं त्याने सांगून ठेवलं आहे. आपल्याकडे कौटिल्याने अश्वाध्यक्षाला स्वतंत्र प्रकरण दिलं. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या अश्वशास्त्रात चाबूक आहे, पण नियमाने बांधलेला. शुक्रनीतीत तर कोणत्या दोषाला शरीराच्या कोणत्या जागी मारावं हे सांगून लगेच बजावलं आहे की भलत्या जागी मारलेल्या घोड्याला लागलेल्या खोडी त्याच्या आयुष्यभर जात नाहीत. मराठ्यांच्या पागांत घोडं तयार करणारा चाबूकस्वार हा स्वतंत्र हुद्द्याचा कसबी माणूस होता. ज्याच्या नावात चाबूक होता त्याच्याकडे तो कधी खाली ठेवायचा याचंही ज्ञान असायचं. चाबूक राहिला आणि चाबूकस्वार गेला, ही आपली अडचण आहे.

कायदाही वाचायला हवा. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५च्या केंद्रीय नियमांत तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो आहे. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको. पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी १२ ते ३ काम बंद. काटेरी लगाम आणि अणकुचीदार साज यांना मनाई. काटेरी लगाम तरीही बाजारात मिळतो आणि वरातीच्या घोडीच्या तोंडात दिसतो. डीजेच्या भिंतीसमोर, फटाक्यांच्या धुरात, पाठीवर नवरदेव आणि तोंडात काटे अशी ती घोडी पाऊल उचलत नाही, तेव्हा तिच्याकडे आज्ञा पाळण्याचा कोणता मार्ग उरलेला असतो? एप्रिल-मेमध्ये मुरबाडचा पारा चाळिशी गाठतो, आणि मुलांच्या सुट्ट्याही त्याच महिन्यांत असतात. फार्महाऊसच्या तट्टाला त्या दिवसांत सकाळी नऊनंतर खोगीर घालूच नये.

रिंगणाबद्दल थोडं. तट्टू फाटकाकडे खेचतं आणि फाटकापासून दूर जाताना मंदावतं, कारण फाटकाबाहेर गोठा आहे, सोबत आहे आणि खोगीर उतरणं आहे. म्हणून फाटकाजवळ कधी उतरू नये. फाटकाजवळ थोडं काम घ्यावं आणि लांबच्या कोपऱ्यात थांबून, लगाम सैल सोडून, तिथेच उतरावं. काही दिवसांत लांबचा कोपरा आवडीचा होतो. जमिनीवर चार बांबू अंतराअंतराने टाकून त्यावरून चालवलं तर तट्टू मान खाली घालून पाय मोजू लागतं आणि टाच विसरली जाते. त्याहून उत्तम म्हणजे रिंगण सोडून बाहेर पडणं. आपल्याकडे भातकापणीनंतर बांधावरच्या पायवाटा, तलावाकडे जाणारे कच्चे रस्ते, माहुली गडाच्या पायथ्याचं रान सगळं मोकळं असतं. ज्या तट्टाला रिंगणात दुडकी चालवताना घाम फुटतो, ते सकाळच्या गारव्यात कच्च्या रस्त्यावर आपणहून चाल धरताना दिसतं. वरच्या दर्जाच्या घोडेस्वारीलाही हे लागू आहे. २०२३ साली हांगझोच्या आशियाई खेळांत भारताच्या ड्रेसाज संघाने, ज्यात मुंबईचा हृदय छेडा होता, सुवर्ण मिळवलं. घोडेस्वारीतलं आपलं त्याआधीचं सुवर्ण १९८२चं. त्या खेळात गुण मिळतात ते आज्ञेबरोबर उमेदीलाही, घोडं स्वतःहून पुढे जातंय असं दिसण्याला.

राहिलं मूल. त्याच्या पिंढऱ्या खोगिराच्या पाखरांखालीही पोचत नाहीत, त्याचा तोल अजून हातात आहे, आणि तट्टाला हे पहिल्या फेरीतच कळतं. मोठ्या माणसाखाली चालणारं तट्टू मुलाखाली अडतं ते लबाडीने नव्हे; दोघांच्या सूचना त्याला वेगळ्या भाषांसारख्या वाटतात. हलक्या वजनाच्या कसलेल्या स्वाराने आठवड्यातून एकदा तट्टाची उजळणी घ्यावी. मुलाने आधी काही आठवडे दोरावर, प्रशिक्षकाच्या हाताखाली, लगाम न धरता बसावं: हात कमरेवर, हात पसरून, डोळे मिटून. दुडकी चालीत हात न हलता बसता येईल तेव्हा लगाम हातात द्यावा, आणि त्याआधी एक पट्टा तट्टाच्या गळ्यात बांधावा, म्हणजे तोल गेला तर मूल पट्टा धरेल, तोंड ओढणार नाही.

पैसे देऊन आलेल्या पालकांना हे पटवणं सोपं नाही. त्यांना पहिल्याच दिवशी मुलाच्या हातात लगाम हवा असतो, फोटोत तो दिसतो. पण तट्टू ठेवणाऱ्याने ही एक अट पाळली, तर त्याचं तट्टू पुढच्या हंगामातही चालतं राहील.